पेटी आणि फीत

पेटी हा आपल्या मराठीतला मोठा सोशिक शब्द आहे. दागिन्यांची पेटी, टपालपेटी, मतपेटी, भजनाला साथ करणारी पेटी, एवढेच काय, माणसाच्या अखेरच्या प्रवासाची पेटीसुद्धा त्याने निमूटपणे वाहिली आहे. अलीकडे तिच्यात आणखी एकीची भर पडली. दूरचित्रवाणी संचाखालच्या फळीवर बसलेली, मागे वायरींचे शेपूट असलेली आणि रात्रभर एक लाल ठिपका डोळ्यासारखा उघडा ठेवणारी ही केबलची पेटी. अक्कलकुव्यात तिला सरळ ‘बॉक्स’ म्हणतात. ‘फादर, बॉक्स बंद पडला,’ ‘फादर, रिचार्ज संपला’ ही वाक्ये घरभेटींत आमच्या कानी गुडघेदुखीच्या तक्रारींइतकीच नेमाने पडतात. त्यांपैकी काही घरांत कपाटाच्या माथ्यावर, भरतकामाच्या रुमालाखाली दुसरेही एक यंत्र असते. ते कोणी लावत नाही आणि भंगारातही देत नाही. तो व्हीसीआर. या दोहोंपैकी एकाने घरात काय आणले आणि दुसऱ्याने घरातले काय राखले, याचा हिशेब मांडावा असे बरेच दिवस आमच्या मनात होते.

अक्कलकुवा ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हापासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. गुजरातची सीमा हाकेच्या अंतरावर, आणि घाट चढून गेले की मोलगीचा परिसर. बाजाराच्या दिवशी चार पावले चालावे तर मराठी, अहिराणी, गुजराती, हिंदी आणि देहवाली भिली अशा भाषा कानांवरून जातात. हे भाषांचे प्रकरण पुढे लागणार आहे, म्हणून येथे नमूद केले.

व्हीएचएस पद्धतीचा व्हीसीआर १९७६ साली जपानमध्ये बाजारात आला. त्याच्या जन्मामागची कल्पना साधी होती. कार्यक्रम प्रक्षेपित होतो त्या वेळी आपण घरी असूच असे नाही. तेव्हा यंत्राने तो फितीवर टिपून ठेवावा आणि आपण सवडीने पाहावा. म्हणजे घड्याळ प्रक्षेपण केंद्राचे नव्हे, घरचे चालावे. चित्रपट कंपन्यांना हे रुचले नाही. अमेरिकेत खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि घरी पुन्हा पाहण्यासाठी केलेली अशी नोंद हा गुन्हा नव्हे, असा निकाल १९८४ साली तेथे लागला.

आपल्याकडे हा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. वाहिनी एकच, तिच्यावरचा रविवारचा चित्रपट सारा गाव एकत्र बसून पाही. त्यामुळे ‘नंतर पाहू’ ही गरज कोणाला भासली नाही. त्यातून खेड्यातली वीज. व्हीसीआरला ठरावीक वेळी नोंद करायला सांगायचे तर त्याच्या घड्याळाला वेळ ठाऊक हवी, आणि वीज गेली की बहुतेक यंत्रांचे घड्याळ स्मृतिभ्रंश झाल्यासारखे शून्यावर येऊन लुकलुकत राही. २००५ नंतर काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने रोजचे कित्येक तासांचे भारनियमन सोसले. अशा प्रदेशात ‘रात्री नऊ वाजता नोंद सुरू कर’ ही आज्ञा कोण कोणाला देणार? म्हणूनच आपल्या बाजारात नोंदीची सोयच नसलेला, केवळ कॅसेट दाखवणारा व्हीसीपी इतका खपला. जगाने वेळ साठवण्यासाठी घडवलेले यंत्र आपण चित्रपटगृह म्हणून वापरले.

आणि कसे वापरले! १९८२ सालच्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या वेळी आपल्या देशात रंगीत प्रक्षेपण आले आणि त्याच सुमारास ‘व्हिडिओ’ हा शब्द खेड्यांत शिरला. आमचे बालपण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. लग्न, बारसे, पोळा, निवडणुकीतला विजय, कशाच्याही निमित्ताने वर्गणी जमे आणि तालुक्याहून भाड्याने संच, व्हिडिओ आणि चार कॅसेटी येत. रात्री दहाला पहिला चित्रपट लागे, चौथा संपे तेव्हा कोंबडा आरवलेला असे. चित्रावर पांढऱ्या रेघा धावू लागल्या की चालक प्रथम ट्रॅकिंगचे बटण फिरवी. त्याने भागले नाही तर दहाची कोरी नोट स्पिरिटमध्ये बुडवून यंत्राच्या पोटात फिरवी. आमच्या दृष्टीने तो मनुष्य शल्यविशारदाहून कमी नव्हता. पुढे अक्कलकुव्यात येऊन पाहतो तर डोंगरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी तंतोतंत याच, फरक एवढाच की त्यांच्याकडे संच जीपच्या टपावरून घाट चढून येई आणि जनरेटर खांद्यावरून.

१९९३ साली आम्ही सेमिनरीत होतो. त्या वर्षीच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी पोप दुसरे जॉन पॉल यांनी दिलेला विषयच मुळी दृक्‌श्राव्य आणि श्राव्य फितींचा होता: संस्कृती आणि सदसद्विवेकबुद्धी यांच्या घडणीत या फितींचे स्थान काय? त्यावर चर्चासत्र झाले. चर्चा सगळी चित्रपटांच्या भल्याबुऱ्याभोवती फिरली, कारण कॅसेट म्हणजे बाहेरून घरात येणारी वस्तू हेच सर्वांनी गृहीत धरले होते. घरातून फितीवर जाणाऱ्या गोष्टीचा विषय कोणी काढला नाही.

ती गोष्ट म्हणजे लग्नाची कॅसेट. नव्वदच्या दशकात तालुक्या-तालुक्याच्या छायाचित्रकारांनी खांद्यावरचे व्हिडिओ कॅमेरे घेतले. एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात डोळे दिपवणारा दिवा आणि मागे वायर आवरणारा पोऱ्या, अशी त्रिमूर्ती मांडवात फिरू लागली. वऱ्हाडी मंडळी जेवणाच्या पानावरून मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहत आणि घास तसाच हातात राही. पुढे ही फीत ‘मिक्सिंग’ला जाई. बदामाच्या चौकटीत नवरानवरी, ताजमहालाभोवती फिरणारे सासूसासरे, आणि हे सारे होत असताना एकामागून एक हिंदी चित्रपटगीते. येथे थोडे थांबले पाहिजे. ती गीते घालण्यासाठी मूळ ध्वनी पुसला जाई. मांडवात त्या वेळी कोण काय बोलले, हळदीला बायकांनी कोणती गाणी म्हटली, आजीने नवरदेवाला काय बजावले, ते सर्व नाहीसे होऊन तेथे मुंबईचा वाद्यवृंद वाजू लागे. चित्र राहिले, तोंडे हलताना दिसतात, आणि शब्द मात्र दुसऱ्याच कोणाचे ऐकू येतात. पैसे देऊन आपलाच आवाज पुसून घेण्याचा हा प्रकार आम्हास आजही चमत्कारिक वाटतो, जरी त्या काळी तोच हौसेचा आणि प्रतिष्ठेचा मानला जात होता.

आता पेटीकडे वळू. व्हिडिओ आणि केबल ही तशी सख्खी भावंडे आहेत. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या इमारतींत केबल सुरू झाली ती एका व्हीसीआरपासून: तळमजल्यावर एकाने कॅसेट लावायची आणि वायरीने ती पन्नास घरांत पोहोचवायची. १९९१ च्या आखाती युद्धाने परदेशी वाहिन्यांची ओढ लावली, १९९२ च्या गांधीजयंतीला झी टीव्ही सुरू झाली, आणि गच्च्यागच्च्यांवर तबकड्या उगवल्या. १९९५ साली केबलचा कायदा झाला. तरी एक अडचण उरली. वायर एकदा घरात शिरली की कोणत्या घरात ती किती फाटे फोडून गेली, हे कोणालाच सांगता येईना. चालक शंभर घरे दाखवी, प्रत्यक्षात असत तीनशे. शिवाय जुन्या पद्धतीत प्रत्येक वाहिनीला वायरीत स्वतंत्र जागा लागे. त्यामुळे दाटी झालेली, आणि शेवटच्या वाहिन्या मुंग्यांनी भरलेल्या.

यावर तोडगा म्हणून २०११ साली कायद्यात दुरुस्ती करून पेटी सक्तीची झाली. चार टप्पे ठरले. पहिल्यात मुंबईसह चार महानगरे होती, ३१ ऑक्टोबर २०१२ पर्यंतची. ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात, आणि त्याची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ वर येऊन थांबली. पेटीचे काम असे की मुख्य केंद्रातून येणारी चित्रे अंकांच्या रूपात दाबून, जेथे एक वाहिनी मावत असे तेथे दहा-बारा बसवून आणि कुलूप लावून पाठवलेली असतात. पेटी ते कुलूप उघडते. प्रत्येक पेटीला स्वतःचा क्रमांक. पैसे भरले की केंद्रातून त्या क्रमांकाला ‘उघड’ अशी आज्ञा येते, थकले की ‘मिट’. घर मोजले गेले. डोंगरातल्या पाड्यांवर केबलची वायर कधी चढलीच नाही. तेथे दूरदर्शनची डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली, मासिक वर्गणी नसलेली तबकडी आली, आणि तिच्याखालीही एक पेटी.

फेब्रुवारी २०१९ मध्ये नवी दरपद्धती लागू झाली तेव्हाची गंमत आम्ही जवळून पाहिली. १३० रुपये आणि वर कर, एवढ्यात १०० वाहिन्या. त्यापुढे हव्या त्या वाहिनीचा दर वेगळा. ग्राहकाने स्वतः निवडावे, हा हेतू स्तुत्य होता. पण निवडीचे लांबलचक कागद घेऊन मंडळी आमच्याकडे येत. ‘फादर, तुम्हीच खुणा करा.’ आम्ही चष्मा लावून विचारायचे, ‘आजी, तुम्हाला काय बघायला आवडतं?’ आजी म्हणायची, ‘जे लागलेलं असतं ते.’ बहुतेकांनी शेवटी चालकाने बांधून दिलेला गठ्ठाच घेतला. दर आणि नियम पुढेही बदलत गेले; आजींची निवड बदलली नाही.

पेटीची घरातली अडचण निराळीच. पूर्वी संचाचे एक बटण फिरवले की चित्र. आता संच वेगळा, पेटी वेगळी, दोघांचे रिमोट वेगळे. दुपारी एकट्या असलेल्या म्हातारीच्या हातून संचाच्या रिमोटवर भलतेच बटण दाबले जाते, संच पेटीकडे पाहायचे सोडून दुसऱ्याच भोकाकडे पाहू लागतो, पडदा निळा होतो आणि घरातली मुले येईपर्यंत निळाच राहतो. आम्ही काही घरांत रिमोटच्या ज्या बटणांना हात लावायचा नाही त्यांवर चिकटपट्टी लावून दिली आहे. पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि तांबडी आवाजाची, हेही पाठ करून ठेवले आहे. धर्मगुरूला काय काय यावे लागते, याचा अभ्यासक्रम कोणत्याही सेमिनरीत पूर्ण होत नाही.

काही पेट्यांत नोंदीचीही सोय आली. मागे पेन ड्राइव्ह लावावा आणि कार्यक्रम साठवावा. ज्या हेतूसाठी व्हीसीआर जन्मला तो हेतू येथे खऱ्या अर्थाने सफल झाला, असे कोणी म्हणेल. पण फरक मूळचा आहे. अशी नोंद बहुधा कुलपासकट साठवली जाते आणि ज्या पेटीने केली तिच्यावरच उघडते. शेजारच्या पेटीत घाला, ती ओळखत नाही. पेटी बिघडली, बदलली, वर्गणी थांबली की साठवलेले असून नसल्यासारखे. व्हीएचएसची कॅसेट कोणाच्याही यंत्रात चालत असे. मोलगीची अक्कलकुव्याला, अक्कलकुव्याची सुरतेला कामाला गेलेल्या भावाकडे. त्या कॅसेटीच्या कडेला एक लहानशी प्लास्टिकची पट्टी असे. ती मोडून टाकली की यंत्र तिच्यावर दुसरे काही नोंदवू शकत नसे. मन बदलले तर त्या खाचेवर कागद चिकटवायचा. राखायचे की पुसायचे, हा अधिकार घरच्या नखात होता. पेटीवर आमचा हक्क पाहण्यापुरता आहे, तोही महिन्याच्या मुदतीचा.

आणि दाखवते तरी काय? २०११ च्या जनगणनेत भिली गटातील भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे एक कोटी चार लाखांवर लोक देशात नोंदले गेले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती भाषा नाही. अक्कलकुव्यातील एका घरच्या बॉक्सवर आम्ही एका संध्याकाळी पहिल्या क्रमांकापासून अखेरपर्यंत बटण दाबत गेलो. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी, दाक्षिणात्य भाषा, बातम्या, बाजारभाव, दागिन्यांच्या जाहिराती. त्या घरात चुलीपाशी जी भाषा चालू होती तिची एकही वाहिनी आम्हास सापडली नाही. घरधन्याला याचे काहीच वाटले नाही; ‘आमची भाषा टीव्हीत कशी असेल?’ असे त्याने उलट आम्हालाच विचारले. गणेश देवी यांच्या पुढाकाराने गुजरातेत तेजगढ येथे उभी राहिलेली आदिवासी अकादमी आणि देशातील भाषांचे लोकसर्वेक्षण ही कामे मोलाचीच आहेत. काठीच्या राजवाडी होळीला तर आता हजारो मोबाईल उंचावलेले असतात. पण कोणा एकाची आई कोणत्या सुरात गात होती, हे कोणतीही संस्था टिपून ठेवणार नाही, आणि वाहिनी तर नाहीच. ते असलेच तर कपाटाच्या माथ्यावर आहे.

एका घराचे सांगतो. डोंगरातल्या पाड्यात जन्मलेले, नोकरीच्या निमित्ताने अक्कलकुव्यात स्थायिक झालेले एक निवृत्त गुरुजी आमच्या परिचयाचे आहेत. त्यांच्याकडे दोन लग्नांच्या कॅसेटी. थोरल्या भावाच्या लग्नाची मिक्सिंग केलेली, बदामांची. दुसरी धाकट्या बहिणीची, १९९६ सालची. त्या वेळी छायाचित्रकाराची निम्मी रक्कम देण्याचे राहून गेले, म्हणून त्याने मिक्सिंग न करता कच्ची फीतच आणून टाकली. बहीण कित्येक वर्षे रुसून होती. कच्ची फीत म्हणजे सगळे जसेच्या तसे: कुत्र्याचे भुंकणे, जनरेटरची घरघर, आणि हळदीच्या रात्री गुरुजींच्या आईने व तिच्या जावांनी म्हटलेली लग्नाची गाणी, त्यांच्या स्वतःच्या बोलीत. आई २००३ साली गेली. तिचा आवाज जगात एवढ्या एकाच ठिकाणी होता.

दोन वर्षांपूर्वी ती कॅसेट त्यांनी आम्हास दाखवली. खिडकीतून पाहिले तर फितीच्या गुंडाळीवर पांढुरकी बुरशी. सातपुड्यातला पाऊस आणि बंद कपाट. अशी फीत तशीच यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या फिरत्या दांड्याला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीत शिरते. तो दांडा सेकंदाला पंचवीस फेरे घेत असतो, तेथे चिकट फीत तुटायला वेळ लागत नाही. तीन तासांच्या कॅसेटीत सुमारे अडीचशे मीटर फीत असते, आणि ती उलगडून पुसणे हे जपमाळेहून संयमाचे काम आहे. गुरुजींच्या नातवाने ते नाशिकच्या सुट्टीत येऊन केले. कोरड्या हवेत, स्पिरिटने, हळूहळू. घरच्या व्हीसीआरचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. नवे यंत्र घेण्याचा प्रश्नच नाही. जपानमधील फुनाई या कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले, आणि ते तसे करणारी ती जगातली शेवटची कंपनी समजली जाते. अखेर तळोद्याच्या एका जुन्या छायाचित्रकाराकडे चालते यंत्र मिळाले. पिवळी, पांढरी, तांबडी वायर अंगठ्याएवढ्या एका जोडणीतून संगणकात. घाई करता येत नाही. तीन तासांची फीत उतरवायला तीनच तास लागतात. नातू म्हणाला, ‘फादर, हे डाउनलोडसारखं नाही, लग्न पुन्हा बसून पाहावंच लागतं.’

चौथ्या दिवशी गुरुजींनी घरातल्या सगळ्यांना बोलावले. बॉक्सची वायर काढून त्या जागी पेन ड्राइव्ह लावला. पहिली वीस मिनिटे नुसती जेवणावळ. कोण कोण गेले, कोण सुरतेला आहे, कोणाचे केस तेव्हा काळे होते, हेच चालले होते. मग हळदीची रात्र आली आणि खोलीत बोलणे थांबले. आवाज खरखरीत होता, मध्येमध्ये पाण्याखालून आल्यासारखा, पण शब्द लागत होते. निदान गुरुजींना लागत होते. नातवंडे शाळेपासून मराठीत वाढलेली; त्यांना आजीचा आवाज कळला, गाणे कळले नाही. एक नात हळूच म्हणाली, ‘बाबा, खाली लिहून येत नाही का?’ गुरुजी अर्थ सांगू लागले आणि तिसऱ्या कडव्याला अडले. दोन शब्द त्यांनाही ठाऊक नव्हते. बरे, जेथे ते शब्द येत होते नेमके तेथेच फितीला सुरकुती पडून आवाज गेलेला.

त्या गायिकांपैकी एक जाऊ, गुरुजींची काकी, मोलगीच्या पलीकडे पाड्यावर हयात आहे, एवढे त्यांना ठाऊक होते. पुढच्या बाजारी तिला जीपने खाली आणले. म्हातारीने पडद्यावर स्वतःला पाहिले, बराच वेळ काही बोलली नाही. मग कॅमेऱ्यासमोर जे दिवे होते त्यांना तिने उशिरा का होईना एक शिवी दिली. गाणे सुरू झाल्यावर ती मान हलवू लागली. गुरुजींनी भाषांतर करून आम्हास सांगितले, ‘काकी म्हणते, माझी आई इथं चुकली आहे. हे कडवं आधी येत नाही.’ आणि संच चालू असतानाच तिने ते नीट क्रमाने म्हणून दाखवले, सुरकुतीत गेलेल्या दोन शब्दांसकट. नातवाने मोबाईल पुढे धरला होता. पडद्यावर १९९६ सालची गुरुजींची आई तेच गाणे तिच्या चुकीच्या क्रमाने म्हणत होती, आणि दोघींचा ताल जमत नव्हता म्हणून काकीने हात वर करून सांगितले, तिला जरा थांबवा.